लाकडी सहा मजली इमारत: आराखड्याआधीची तयारी

पहिली रेघ ओढण्याआधी वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि ऊर्जेचा हिशेब करणारा, तिघांना एका टेबलाशी बसवा. इथे भार उचलणाऱ्या भिंतीतूनच उष्णता अडवायची असते. एकाने जाडी ठरवली की दुसऱ्याचं गणित बदलतं. घरांच्या मधल्या भिंती सगळ्या मजल्यांवर एकाखाली एक येतात का, तेही तेव्हाच बघा. मग चौकटीचं बांधकाम की सीएलटीचे (फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेले) पॅनल, हे ठरवा.

चौकट निवडलीत तर आकसण्याचा हिशेब आधी मांडा. ओलावा एक टक्का उतरला की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अंदाजे पाव टक्का आकसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाहीच. एका मजल्यावर २४० मिमीची कडी आणि ४५ मिमीच्या तीन आडव्या पट्ट्या, म्हणजे ३७५ मिमी आडवं लाकूड. ओलावा १८ वरून १० टक्क्यांवर आला की साडेसात मिमी गेले. सहा मजल्यांचे ४५. शेजारचा काँक्रीटचा लिफ्टचा शाफ्ट मात्र त्या मानाने जवळजवळ खाली येतच नाही! म्हणून कोरडं लाकूड मागवा आणि उभ्या पाइपांना सरकते जोड द्या.

लाकडाचं वजन काँक्रीटच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. पाया स्वस्तात सुटतो, पण वारा भिंतीचं टोक उचलू पाहतो, तेव्हा तिथल्या अँकरचा (भिंत खाली धरून ठेवणाऱ्या पोलादी जोडाचा) मार्ग पायापर्यंत काढा. माणसं चालताना मजल्याच्या लाकडी जमिनीला होणारी कंपनं तपासा. वारंवारता ८ हर्ट्झखाली गेली तर वेगळी तपासणी लागते. आगीसाठी मऊ लाकूड मिनिटाला ०.६५ मिमी जळतं असं धरतात, म्हणजे तासाला सुमारे ४० मिमी. तेवढं वजा करून उरलेला छेद भार पेलतो का पाहा. जोडातल्या पोलादी पट्ट्या लाकडाच्या पोटात लपवा.

माझ्या मते सर्वांत मोलाचं चित्र भिंत आणि तक्तपोशी जिथे भेटतात त्या सांध्याचं. हवा अडवणारा पडदा तिथून अखंड जायला हवा. पेन्सिल न उचलता ती रेघ काढता आली नाही, तर सांधा पुन्हा आखा. बाल्कनी आतल्या कड्या बाहेर काढून टांगू नका, तिला स्वतःचे खांब द्या. ब्लोअर डोअर चाचणी (दारात पंखा बसवून हवेची गळती मोजणं) आतले बोर्ड लावण्याआधी ठेवा: पॅसिव्ह हाऊस या कमी ऊर्जेच्या घरांच्या मानकाची मर्यादा ५० पास्कल दाबाला ताशी ०.६ हवाबदल आहे, म्हणजे आतल्या हवेच्या ०.६ पटच हवा तासाभरात गळू शकते. आणि पावसापासून झाकण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. ओलावामापकाचा आकडा २० टक्क्यांखाली येईपर्यंत कोणतीही भिंत बंद करायची नाही, हे करारातच लिहून घ्या.