कॅलिफोर्नियात नव्याने आलात? सिटी कौन्सिलमध्ये जरूर बोला

शाळेची हद्द बदलणार किंवा घरासमोरचा सिग्नल रद्द होणार असं कळलं की आपली मंडळी व्हॉट्सॲपवर रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. सिटी कौन्सिलच्या किंवा स्कूल बोर्डाच्या बैठकीला मात्र कोणी फिरकत नाही. "आपण व्हिसावर आहोत, उगाच कशाला?" हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. तिथे बोलायला नागरिक असावं लागत नाही. फर्स्ट अमेंडमेंटचं, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या तरतुदीचं, संरक्षण इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही आहे.

कॅलिफोर्नियात शहरांच्या आणि शाळांच्या बैठकांना १९५३ चा ब्राउन ॲक्ट, म्हणजे बैठका लोकांसाठी खुल्या ठेवायला लावणारा कायदा, लागू होतो. नेहमीच्या बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो. त्यात आपला विषय कितवा आहे ते बघून ठेवा आणि स्पीकर कार्ड, म्हणजे बोलण्यासाठी नाव नोंदवायची चिठ्ठी, भरून क्लार्ककडे द्या. बहुधा तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर एक-दोनच. आई-बाबांना इंग्रजीत बोलणं जड जात असेल, तर दुभाष्या घेऊन बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा, असं कायदाच सांगतो.

टीका करायची असेल तर अवश्य करा. धोरणावर, कारभारावर टीका करायला बंदी घालता येत नाही, हे ब्राउन ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचं मत मेयरला पटलं नाही, एवढ्यासाठी माइक बंद करता येत नाही. वेळ संपली किंवा विषय सोडून भरकटलात, तर मात्र थांबवता येतं. अशा वेळी खरंच थांबा. बैठकीत मुद्दाम व्यत्यय आणणं गुन्हा ठरू शकतो, आणि व्हिसावरच्या माणसाला अटकेची नोंद फार महागात पडते. राहिलेले मुद्दे लेखी द्या.

आणखी एक. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, त्यासाठी राखलेल्या वेळेत, बोललात तर सदस्य नुसते ऐकून घेतील आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं जाईल. नवख्यांना हा अपमान वाटतो, पण अशा विषयावर चर्चा करायला त्यांना कायद्यानेच मनाई आहे. उत्तर हवं असेल तर दुसऱ्या दिवशी आपल्या विभागाच्या सदस्याला ईमेल करा आणि विषय पुढच्या अजेंड्यावर घ्यायला सांगा.

पहिल्यांदा बोलताना आयटम नंबर आणि बाजूने की विरोधात, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. प्रस्तावना करत बसलात तर तिथेच मिनिट जातं.