मलबा भरलेल्या अंगणात भाजीचा वाफा

‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इंदुरात पोराटोरांनाही पाठ असते. पण राऊच्या बाजूला घर बांधून झाल्यावर अंगणात कुदळ मारली, तर वर अर्धा फूट मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट आणि खाली दगडासारखी काळी माती. पहिल्या वर्षीचे टोमॅटो पिवळे पडूनच गेले. मग ट्रॉलीभर ‘चांगली माती’ विकत घेतली. ती कुणाच्या तरी घराच्या पायातून निघालेली होती! तेव्हा माती विकत आणू नका, आहे तीच सुधारा.

आधी मलबा वेचा. हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, सामू (pH) साधारण साडेसात ते साडेआठ. त्यात सिमेंट-चुना मिसळला की लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकून पाहा. फसफसली तर चुना आहे.

मग निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी चार-पाच तासांनीही तसेच असेल, तर सपाट जमिनीत काही लावू नका. तीन फूट रुंद आणि पाऊण-एक फूट उंच गादीवाफे करा. तीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. माती भुसभुशीत व्हावी म्हणून वाळू मिसळू नका. चिकण मातीत थोडी वाळू गेली की वाफ्याची वीट होते.

खणायचे ते वाफशावर, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी असताना. कमरेच्या उंचीवरून मातीचा गोळा खाली सोडा. चपटा होऊन चिकटला तर ओल जास्त, नुसता टणकन पडला तर कमी. फुटून मोकळा झाला की वाफसा आला. ओल्या काळ्या मातीत फावडे घातले, तर तयार होणारी ढेकळे पुढचा उन्हाळाभर फुटत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, खत. कंपोस्टची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये बसवली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय तर इंदूरकरांना लागलेलीच आहे. त्यामुळे निम्मे काम घरात झालेले असते.

खताचा खड्डा दोन फूट खोल पुरे. पावसाळ्यात मात्र जमिनीवरच ढीग करा, नाहीतर त्याचे डबके होते. तळाशी सहा इंच वाळका पाला किंवा गव्हाचा भुसा, त्यावर भाजीची देठे-साली, त्यावर दोन इंच शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) आणि मूठ-दोन मूठ माती. असेच थर रचत जा. हॉवर्ड राखही घालत. आपली माती आधीच अल्कधर्मी, म्हणून मी चिमटीपुरतीच घालते. ओल किती? मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकी. चार दिवसांनी आत हात घालवणार नाही इतका ढीग तापला पाहिजे. तापला नाही तर पाणी किंवा शेण कमी पडले; वास मारू लागला तर वाळका पाला वाढवा. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग खालीवर करा. साधारण तीन महिन्यांत खत काळे, भुगाभुगा आणि पहिल्या पावसाच्या वासाचे होते. पाल्याची चिंता नको. फाल्गुनात शेजाऱ्यांना तो नकोच असतो, पोती भरून मागून आणा.

दहा फूट लांबीच्या वाफ्याला पाच-सहा घमेली खत वरच्या अर्ध्या फुटात मिसळा. ताजे शेण थेट घालू नका, हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. वाफा लगेच लावायचा नसेल, तर हिरवळीच्या खतासाठी जूनमध्ये ताग पेरा आणि फुलावर आला की, म्हणजे दीड महिन्याच्या सुमारास, मातीत गाडा.

पहिल्याच वर्षी फ्लॉवर, गाजर यांचा हट्ट नको. पावसाळ्यात चवळी, गवार. नवरात्राच्या सुमारास पालक, मेथी. नर्मदेचे नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतात, म्हणून वाफ्यावर दोन इंच भुसा पसरते. ओल टिकते आणि उन्हाळ्यात भेगाही कमी पडतात. बुंध्यापासून तो चार बोटे लांब ठेवा.

मेथी महिन्याभरात काढायला येते. आमच्या सासूबाई मुळासकट उपटत, जुडी चांगली बांधली जाते म्हणून. मी कात्रीने कापते. मुळांवरच्या गाठींतले नत्र वाफ्यातच राहते आणि कापल्या जागी त्याच दुपारी पालक टोकता येतो.