सेमी-ऑटोसाठी कास्ट बुलेटचा साचा घेताय? या चुका टाळा

घरी शिशाच्या बुलेट ओतायला साचा घेताना बहुतेक जण आधी वजन बघतात, मग फोटो बघतात आणि ऑर्डर टाकून मोकळे होतात. रिव्हॉल्व्हर असेल तर एकवेळ चालतं, कारण काडतूस आपण हाताने भरतो आणि बुलेटचं नाक कसंही असलं तरी फारसं अडत नाही. सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात मात्र बुलेटला मॅगझीनमधून निघून फीड रॅम्प (चेंबरकडे नेणारा उतार) चढून चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) स्वतःच घुसायचं असतं, तेही स्लाइडच्या एका फटक्यात, त्यामुळे नाकाचा आकार हा जवळपास पिस्तुलाचा पार्टच समजा.

सगळ्यात जास्त घोळ सेमी वॉडकटरमुळे, म्हणजे चपट्या नाकाच्या, खांदा असलेल्या बुलेटमुळे होतो. निशाण्याच्या कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं म्हणून तो सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण त्याचा धारदार खांदा चेंबरच्या तोंडाशी अडकतो. १९११ हे पिस्तूल २३० ग्रेनच्या (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) गोल नाकाच्या बुलेटवर चालायला बनवलेलं, म्हणून ४५ एसीपीमध्ये (१९११ चं काडतूस) तुमच्या बुलेटचं टोक साधारण तिथेच आलं पाहिजे जिथे त्या गोल बुलेटचं येतं. हेन्सली अँड गिब्जचा ६८ नंबरचा २०० ग्रेनचा साचा नावाजला तो याचमुळे, त्याचं नाक लांब आहे. केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) तोंडाबाहेर नखाच्या जाडीएवढा खांदा ठेवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नवीन असाल तर सरळ गोल नाक घ्या, नाहीतर ९ एमएममध्ये १२० ग्रेनच्या आसपासचा ट्रंकेटेड कोन, म्हणजे टोक कापलेल्या शंकूसारखं नाक.

दुसरी चूक म्हणजे पुस्तकातली काडतुसाची लांबी डोळे झाकून घेणं. ९ एमएमची १.१६९ इंच ही कमाल लांबी आहे, तुमच्या बॅरलला ती चालेलच असं नाही, कारण कास्ट बुलेटचं नाक जाडसर असलं की ते रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना) लवकर टेकतं. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून बॅरल बाहेर काढा आणि पावडर-प्रायमर नसलेलं डमी काडतूस त्यात टाका. टक्कन आवाज करत बसलं पाहिजे, बोटाने फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटं केलं की आपोआप पडलं पाहिजे. अडलं तर काळ्या मार्करने पूर्ण रंगवून परत टाका, थोडं फिरवा आणि काढून नीट बघा. बुलेटच्या गोलाईवर बारीक रेघा उठल्या असतील तर ती रायफलिंगला घासतेय, केसच्या काठावरची शाई गेली असेल तर बुलेट बसवायला तोंडाला दिलेला फुलवटा पूर्ण गेलेला नाही, आणि केसच्या अंगावर चट्टा दिसला तर बुलेट खूप जाड आहे किंवा खूप खोल गेलीय. आणि कृपा करून नुसती खोल दाबून मोकळे होऊ नका, ९ एमएमची केस एवढीशी, बुलेट जरा खोल गेली की प्रेशर झपाट्याने वाढतं, लांबी बदलली की मॅन्युअलमधल्या त्या बुलेटच्या सुरुवातीच्या लोडपासून (पावडरच्या मापापासून) परत सुरू करा.

मापाबद्दल तर मी कितीही वेळ बोलू शकतो! जॅकेटवाली ९ एमएम ०.३५५ इंच असते म्हणून लोक कास्टही तेवढीच सायझ करतात (दाबून त्या मापात आणतात), मग बॅरलमध्ये शिसं बसतं, मग मिश्रधातू कडक करत बसतात, आणि शिसं तरी बसतंच. कडकपणापेक्षा फिट महत्त्वाचा. बॅरलमधून मऊ शिशाचा तुकडा ढकलून मायक्रोमीटरने मोजा आणि त्याहून हजारांश इंच मोठी ठेवा, ९ एमएममध्ये ते बहुधा ०.३५६ ते ०.३५८ येतं, ४५ एसीपीत ०.४५२. तरीही शिसं बसत असेल तर एक डमी पुलरने (केसमधून बुलेट उपटायच्या अवजाराने) उघडून बुलेटचं बूड मोजा. माझी ०.३५७ ची बुलेट ०.३५४ होऊन बाहेर आली होती, केसनेच तिला आवळलं होतं. ९ एमएमची केस आत खाली जाड होत जाते, त्यामुळे लांब बुडाच्या १४७ ग्रेनमध्ये हे जास्त होतं.

शिसं कुठे बसलंय तेही बघा. चेंबरच्या लगेच पुढे असेल तर बहुतेक बुलेट लहान आहे, आणि नळीच्या तोंडाकडे असेल तर ल्युब (बुलेटवरचं वंगण) संपतंय, १६ इंची कार्बाइनमध्ये हे जास्त दिसतं. पावडर कोटिंग (बुलेटवर भाजून बसवलेला रंगाचा थर) करत असाल तर सायझिंग कोटिंगनंतर करा कारण त्या थराने व्यास वाढतो. पॉलिगोनल (धारदार खाचांऐवजी गोलसर कडांच्या) बॅरलवाल्या ग्लॉकमध्ये नुसती शिशाची बुलेट वापरू नका, कंपनीच नको म्हणते. गॅस चेकची (बुलेटच्या बुडाला लावायच्या धातूच्या टोपीची) पिस्तुलाला सहसा गरज पडत नाही.

क्रिंप म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळणं. काठ आत वळवणारा रोल क्रिंप नको, सरळ आवळणारा टेपर क्रिंपच हवा, कारण ही काडतुसं चेंबरमध्ये केसच्या काठावर टेकून बसतात. काडतुसाची बुलेट टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने जोरात दाबा, आत सरकली तर ते काडतूस वापरायचं नाही, फीड होताना पण ती अशीच आत जाणार.

आणि साचा विकत घेण्याआधी त्याच डिझाइनच्या मूठभर बुलेट कुणाकडून तरी मागून घ्या, दहा डमी बनवा, मॅगझीन भरा आणि बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडत एकेक फीड करून बघा. दहाच्या दहा गेल्या तर साचा मागवा, एक जरी अडली तर मार्कर घेऊन परत बसा.