हाँगकाँगचा जुलै: आठ नंबरची तयारी एक नंबरलाच

मुंबई-कोकणातून हाँगकाँगला येणारी माणसं छत्री आणि पावसाळी चपला आणून निर्धास्त होतात. दोन्ही लागतातच. पण इथला जुलै आपल्यासारखा लागून राहत नाही. जूनचा सरासरी पाऊस ४९० मिमीच्या घरात, जुलैचा ३८५, ऑगस्टचा पुन्हा ४५०. मधली ही घट होते प्रशांत महासागरावरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यामुळे. तो पश्चिमेला सरकून दक्षिण चीनवर बसला की काही दिवस कडक ऊन. मागे हटला की नैर्ऋत्येचा वारा आणि सरी. आणि त्याच्या कडेकडेने येतात टायफून, म्हणजे इकडची चक्रीवादळं. महिन्याची आखणी तारखांवर करू नका, यातली कोणती अवस्था चालू आहे ते बघून करा.

उन्हाबद्दल थोडक्यात. दुपारचं तापमान सरासरी साडेएकतीस अंश, म्हणजे आकड्यात नागपूरकर हसेल असं. त्रास होतो तो रात्री. किमान तापमान सरासरी सत्तावीसच्या आसपास, आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे, आणि उंच इमारतींच्या गर्दीत वारा अडलेला. रात्रीत पारा २८ च्या खाली आला नाही तर वेधशाळा तिला ‘हॉट नाइट’ म्हणते, दिवसा ३३ गाठला की ‘व्हेरी हॉट डे’. शून्य सावलीचा दिवस मुंबईत मेच्या मध्यावर येतो. हाँगकाँगवर सूर्य जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोक्यावर असतो. त्यामुळे डोंगरवाटांवर जायचं तर उजाडताच, पावणेसहा-सहाला निघा आणि दहापर्यंत खाली उतरा. ड्रॅगन्स बॅकसारख्या सोप्या वाटेवरही कड्यावर सावली नाही. दर तासाला माणशी किमान अर्धा लिटर पाणी, सोबत मीठ-साखर. आणि बॅगेत एक ओढणी किंवा पातळ जॅकेट, कारण घामेजल्या अंगाने बसमध्ये किंवा मॉलमध्ये शिरलात की एसी हाडं गोठवतो.

आता मुद्द्याचं. एखादा दिवस बेसुमार तापला आणि वारा साफ पडला, तर नुसतं ‘उकडतंय’ म्हणून सोडून देऊ नका. फिलिपिन्सच्या बाजूला काय चाललंय ते बघा. वादळाच्या मध्याशी हवा वर चढते आणि बाहेरच्या कडेला ती खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, ढग विरतात. २२ ऑगस्ट २०१७ ला वेधशाळेच्या मुख्यालयात ३६.६ अंश नोंदले गेले, तिथला उच्चांक. दुसऱ्याच दिवशी ‘हातो’ वादळासाठी दहा नंबर, म्हणजे वादळाचा सर्वांत वरचा इशारा, लागला. जुलैही सुटलेला नाही: २०१२ च्या २४ जुलैच्या पहाटे ‘विसेंते’ला आणि २० जुलै २०२५ ला ‘विफा’ला दहा नंबरच होता.

सिग्नल कसे वाचायचे

कोकणातल्या बंदरांत लागणाऱ्या बावट्यांचे आकडे इथे लावू नका, दोन्हींचे अर्थ वेगळे. इथे १, ३, ८, ९ आणि १० एवढेच आकडे आहेत. एक म्हणजे वादळ साधारण ८०० किमीच्या आत आलंय आणि त्याचा परिणाम होऊ शकतो. तीनला वारा ताशी ४१ ते ६२ किमी, बालवाड्या बंद. आठला ६३ ते ११७, आणि झोत १८० च्याही वर जाऊ शकतात. सगळ्या शाळा बंद, बहुतेक कचेऱ्याही. तीननंतर थेट आठ येतो, हे नवख्यांना धक्कादायक वाटतं. आठ लावण्याआधी साधारण दोन तास वेधशाळा तशी आगाऊ घोषणा करते. अख्खं शहर त्याच दोन तासांत घरी निघतं, म्हणून एमटीआरला (इथल्या मेट्रोला) तोबा गर्दी होते. मग फेऱ्या कमी होतात, फेरीबोटी आणि बस टप्प्याटप्प्याने थांबतात, आणि नऊ-दहाला जमिनीवरून धावणाऱ्या मार्गांवरच्या गाड्याही बंद. डिस्कव्हरी बे, लामा किंवा तुंग चुंग अशा बेटांवरच्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी घोषणेची वाटच बघू नये. कचेरी कधी सुटणार आणि सिग्नल उतरल्यावर किती तासांत हजर व्हायचं, हा कंपनीचा नियम लेखी असतो. तो जूनमध्येच वाचून ठेवा.

बेगमी एक नंबरलाच करायची. ‘टी-एट’ची, म्हणजे आठ नंबरची, कुजबुज सुरू झाली की सुपरमार्केटमधली पालेभाजी आणि पाव तासाभरात संपतो. दोन दिवसांचं दूध, भाजी, पिण्याचं पाणी, औषधं, चार्ज केलेली बॅटरी, एवढं पुरे. वीज इथे सहसा जात नाही, त्यामुळे पोतीभर साठ्याची गरज नाही. याच वेळी खिडक्या तपासा. बाहेर उघडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत झडप पेलतात त्या बिजागऱ्यांचे रिव्हेट आणि स्क्रू. खाऱ्या हवेने ते गंजतात. झडप उघडताना खाली झुकली किंवा कर्र वाजली तर ती उघडूच नका, कारागिराला बोलवा. चौकटीच्या खालच्या पट्टीत पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती दातकोरणीने मोकळी करा. भोकं तुंबलेली असली की पट्टीत साचलेलं पाणी वाऱ्याच्या दाबाने आत ढकललं जातं, आणि लोक फटी बुजवणाऱ्या सिलिकॉनला दोष देत बसतात.

तीन लागला की गच्ची-बाल्कनीतल्या कुंड्या, कपड्यांचे दांडे, मुलांच्या सायकली आत. मोठ्या काचेवर आतल्या बाजूने फुलीच्या आकारात चिकटपट्टी लावतात. तिने काच मजबूत होत नाही. फुटली तर तुकडे कमी उडतात, इतकंच. वादळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी काढा. उन्हात भाजली की डिंक खरवडत बसावं लागतं. दाब सारखा राहावा म्हणून पलीकडची खिडकी किलकिली ठेवण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका, वाऱ्याला वाट मिळाली की दारं आपटतात.

कोणती खोली आधी झोडपली जाईल हे कळायला एक साधा नियम आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. वादळाचा मध्य तुमच्या डाव्या अंगाला. वादळ शहराच्या दक्षिणेकडून पश्चिमेला गेलं तर वारा ईशान्येकडून पूर्वेला आणि मग आग्नेयेला फिरतो. पूर्वेकडून उत्तरेला वर चढलं तर वायव्येकडून नैर्ऋत्येला. म्हणून आठ नंबरापुढे दिशाही लिहिलेली असते. सकाळी कोरडी राहिलेली खोली संध्याकाळी भिजणार, हे गृहीत धरून टॉवेल आणि गाद्या हलवा. मध्यच डोक्यावरून गेला तर वारा अचानक थांबतो. त्या उसंतीत खाली फेरी मारायला जाऊ नका. तो उलट दिशेने परततो. चाळिसाव्या मजल्यावर कमोडमधलं पाणी हिंदकळताना दिसलं तर घाबरायचं कारण नाही, उंच इमारत तेवढी हलतेच.

पावसाचे रंग

पावसाचे इशारे वेगळे. तासाला ३० मिमीच्या पुढे अंबर, ५० च्या पुढे लाल, ७० च्या पुढे काळा. सप्टेंबर २०२३ मध्ये एका तासात १५८.१ मिमी पडला, तेव्हा काळा इशारा सोळा तासांहून जास्त टिकला. लाल किंवा काळा शाळेच्या वेळेआधी लागला तर शाळा बंद. मुलं शाळेत असताना लागला तर ती तिथेच सुरक्षित, आणायला धावू नका. काळ्यात तुम्ही जिथे असाल तिथे थांबा. नैर्ऋत्य वाऱ्यातल्या सरी पुष्कळदा सकाळीच गाठतात, म्हणून निघण्याआधी रडारचं ६४ किमीचं चित्र बघा. २५६ किमीचं चित्र लांबून काय येतंय ते बघायला बरं, पण पुढच्या अर्ध्या तासाला फारसं कामाचं नाही.

घरातला दमटपणा

वादळ दोन दिवसांचं, दमटपणा महिनाभराचा. घरात डीह्युमिडिफायर नसेल तर पहिली खरेदी तीच. ५५ ते ६० टक्क्यांवर लावा. त्याखाली नेऊन फक्त बिल वाढतं. तो हवा गरम करतो, म्हणून कामावर जाताना खोली बंद करून चालवा. टाकी भरली की तो आपोआप थांबतो, तेव्हा निघण्याआधी ती रिकामी करा. कपाट भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटर पुढे ओढा. बुरशी धरते ती कपाटाच्या मागच्या फळीला, आणि बाहेरून पत्ताच लागत नाही. कपाटात ठेवायच्या ओलावा शोषणाऱ्या डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यात साचलेलं पाणी चामड्यावर सांडलं तर चप्पल-पर्स कायमची वाया, म्हणून डबा तळाच्या कप्प्यात आणि चामडं वर.

किराणा हा वेगळाच प्रश्न. डाळ, रवा, भाजणी आणली की पिशवीसकट चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. थंड डाळीवर दव धरतं आणि तिला बुरशी लागते. अर्धा दिवस तशीच राहू द्या, मग डब्यात भरा. पोहे, पापड, मेतकूट घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्यांत. मोठा डबा रोज उघडला की रोज ओली हवा आत. लोणच्याला कोरडा चमचा, आणि जुलैपुरतं फ्रिजमध्ये. एसी बंद करण्याआधी वीस मिनिटं नुसता फॅन चालवला तर आतली कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही. खिडकीतल्या एसीचं पाणी खालच्या मजल्याच्या छज्जावर टपकत असेल तर नळी लावून घ्या; शेजाऱ्याने तक्रार केली की नोटीस येते.