काळ्या मसाल्याची मिरची घेताना या चुका टाळा

खान्देशी काळा मसाला एका खेपेला झणझणीत आणि पुढच्या खेपेला फिका निघत असेल, तर भाजणीला हात लावण्याआधी मिरचीचा सौदा तपासा.

‘नंदुरबारची लाल, किलोला काय भाव?’ एवढ्यावरच बोलणं संपलं, तर व्यापारी त्या भावात बसेल तो माल देणार. त्यात त्याची चूक नाही. जात कोणती, देठाची की बिनदेठाची, यंदाची की कोल्ड स्टोरेजमधली, हे आधी ठरवा; भाव नंतर. देठाची घेत असाल तर एक किलोचे देठ खुडा, उरलेलं वजन करा आणि भाव त्यावर काढा.

सगळ्यात जास्त पैसा ओलाव्यात जातो. पोती भरताना मिरची मोडू नये म्हणून पाणी मारतात. अन्नसुरक्षा मानकांनुसार सुक्या मिरचीत ११ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. ५० किलोच्या पोत्यात तो १० ऐवजी १६ टक्के असला, तर सव्वातीन किलोंहून जास्त पाणी तुम्ही मिरचीच्या भावाने घेता. चांगली वाळलेली मिरची कानाशी हलवली की बी खुळखुळतं; ओली चामड्यासारखी वळते, मोडत नाही.

पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, वाळणाऱ्या मिरचीला अवकाळी पावसाने गाठलं असेल, तर बुरशी आतून धरते आणि वरचा रंग तसाच राहतो. म्हणून पोत्याच्या तोंडचा नमुना पाहून समाधान मानू नका. मधल्या आणि तळच्या दहा-पंधरा मिरच्या देठापासून उभ्या चिरा. बियांवर राखाडी-काळी भुकटी दिसली, कुबट वास आला, तर पोतं परत करा. बुरशीतून आलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने जात नाही, आणि काळ्या मसाल्याच्या गडद रंगात ती बुरशी दिसतही नाही. इथे भीड ठेवू नका.

तक्रार त्याच दिवशी करा, पोती एकमेकांत मिसळण्याआधी. मिसळलेल्या मालाची जबाबदारी कोणी घेत नाही. दर लॉटचा २५० ग्रॅम नमुना तारीख टाकून हवाबंद ठेवा. बिलावर व्यापाऱ्याचा १४ अंकी अन्नपरवाना क्रमांक आहे ना, तेही बघा.

मिरचीसोबत मसाल्याचे बाकीचे जिन्नस घेतानाही जपा: खोबरं वर्षभराचं एकदम भरू नका, खवट होतं. दगडफूल चाळून, माती-साल काढून मग तोला.

उधारी थकवायची आणि निवडक मालही मागायचा, हे जमत नाही; पट्टी, म्हणजे मालाचं बिल, वेळेवर चुकती करणाऱ्याला व्यापारी आधी माल दाखवतो. तरीही दुसऱ्या व्यापाऱ्याकडून हंगामात एक-दोन पोती त्याच अटींवर घेत राहा, म्हणजे ऐनवेळी पहिल्याकडे माल नसला तरी मसाल्याचा तिखटपणा बदलणार नाही.