ब्रिटनमध्ये ब्रॉडबँड घेताय? आधी एप्रिल किती येतात ते मोजा

दर वर्षी मार्च-एप्रिलात इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी कोणाचा तरी फोन येतोच: "अहो, चोवीस महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे ना, मग बिल वाढलं कसं?" कारण चोवीस महिने तुम्ही बांधलेले असता, भाव बांधलेला नसतो.

पोस्टकोड टाकून भाव बघणं, वेग निवडणं हे तुम्हाला येतंच. होकार देण्याआधी मात्र कंपनीने पाठवलेली कॉन्ट्रॅक्ट समरी, म्हणजे कराराचा गोषवारा, उघडा आणि दरवाढ शोधा. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत 'महागाई अधिक अमुक टक्के' हा प्रकार ऑफकॉमने, म्हणजे इथल्या टेलिकॉम नियामक संस्थेने, बंद केलाय. किती पौंड, किती पेन्स आणि कधीपासून, हे आधीच लिहून द्यावं लागतं. यावरून काहींनी दरवाढच बंद झाली असं धरलं. तसं काही झालेलं नाही.

आता कागद घ्या. समजा महिना २८ पौंड आणि दर एप्रिलला ३ पौंड वाढ. फेब्रुवारीत सुरू केलंत, तर दोन महिने २८, बारा महिने ३१ आणि उरलेले दहा ३४ ने: एकूण ७६८ पौंड. तेच मेमध्ये घेतलं तर ७१४. लाइन तीच, राउटर तोच, फरक ५४ पौंडांचा. त्यामुळे जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा मी बघतसुद्धा नाही. पूर्ण मुदतीची बेरीज करतो आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करतो.

खरी गोची वाढीचं पत्र आल्यावर होते. "भाव वाढला की तीस दिवसांत फुकट सुटता येतं," हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. मी २०२३ मध्ये ऐकला होता. वाढ १४.४ टक्के होती, मी तावातावाने फोन करून करार मोडला आणि हातात पडलं एक्झिट फीचं बिल. ती वाढ माझ्याच करारात, चौथ्या पानावर, लिहिलेली होती! फुकट सुटण्याचा हक्क करारात नसलेली किंवा लिहिल्यापेक्षा जास्त वाढ लावली तरच मिळतो. म्हणून आधी पत्रातला आकडा समरीतल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला तर गप्प भरा. नाही जुळला तर तीस दिवसांच्या आत लेखी कळवा. फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

कंपनी बदलायची तर फक्त नव्या कंपनीला सांगा, जुनीचं काम तीच बघते. आपणच आधी जुनी लाइन बंद करू नका, नाहीतर मधले काही दिवस मोबाइलच्या डेटावर काढावे लागतील.

मुदत संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने तसं कळवणं बंधनकारक आहे. माझा तो ईमेल दोनदा स्पॅममध्ये सापडला.