धुक्यातला आकडा कसा वाचायचा

समजा, पौषातल्या एका सकाळी वाशिष्ठीच्या खोऱ्यात धुकं दाटलंय आणि पडवीतला हवेचा मापक पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आकडा 140 दाखवतोय. दुपारी दोनला तोच 45 वर येतो. सकाळच्या 140 मध्ये धूर किती आणि पाणी किती, हे कळल्याशिवाय घाबरण्यात अर्थ नाही, आणि निर्धास्त राहण्यातही नाही.

घरगुती मापकातला पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण कणांवर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजले जातात. कण कोरडा की भिजलेला, हे त्याला ओळखता येत नाही. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच समुद्रावरून आलेल्या खाऱ्या कणांचं होतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की ते पाणी धरतात आणि 80 च्या पुढे त्यांचा व्यास कोरड्या कणाच्या जवळजवळ दुप्पट होतो. सरकारी केंद्रांवरच्या बऱ्याच यंत्रांत हवा आधी तापवून वाळवतात, त्यामुळे तिथला आकडा धुक्यात सहसा कमी दिसतो.

म्हणून मापकाशेजारी साधा आर्द्रतामापक टांगा. दोन्ही जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, चुलीपासून, पाणी तापवायच्या बंबापासून आणि थेट दवापासून लांब. सकाळी सात, दहा, दुपारी दोन आणि रात्री आठ, अशा चार नोंदी पुरतात. आर्द्रता 80 च्या वर असताना आलेला आकडा वहीत कंसात लिहा. कंसातला आकडा बिनकंसाच्या आकड्याशी ताडून पाहू नका. आणि भारतीय मानकातली पीएम 2.5 ची दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमची मर्यादा 24 तासांच्या सरासरीची आहे, एका नोंदीला ती लावता येत नाही.

कंसातला आकडा खोटाच असतो असं मात्र नाही. बंबाचा धूर कौलांवरून वर चढून माडाच्या उंचीला आडवा पसरत असेल, तर खाली थंड हवा आणि वर उबदार हवेचं झाकण आहे. वाडीतला सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. अशा सकाळी फिरायला जाणं ऊन तापून धूर सरळ वर जाऊ लागेपर्यंत लांबवा. खिडक्याही तेव्हाच उघडा, बहुधा दहानंतर. पुढे खारे वारे सुटले की हवा आणखी मोकळी होते.

धुक्यानं हवा धुतली जाते, हा समज अर्धाच खरा. थेंबांत अडकलेले काही कण पानांवर, जमिनीवर बसतात. बाकीचे थेंब उन्हात सुकले की कण पुन्हा हवेत मोकळे होतात. थेंबात विरघळलेल्या सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट झालेलं असेल, तर ते आधीपेक्षा जडही असतात.

अवकाळी पावसाचं गणित वेगळं. चिरेखाणीची आणि रस्त्याची जाडी धूळ पडत्या थेंबांवर आदळते आणि खाली येते. पण 0.1 ते 1 मायक्रॉनचे धुराचे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात. त्यामुळे भुरभुर पावसात पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे कण) झपकन उतरतं, पीएम 2.5 मागे रेंगाळतं. ते खाली यायला पाऊस बराच वेळ लागायला हवा, किंवा वारा बदलायला हवा. पावसानंतर आभाळ निवळलं, वारा पडला, तर ओली जमीन आणि थंड रात्र मिळून दुसऱ्या पहाटे धुकं आणि झाकण दोन्ही येतात. तेव्हा पाऊस थांबताक्षणीचा सुंदर आकडा बघून आठवड्याचे बेत आखू नका.

त्याच दिवसांत ओला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, पेटवणं सगळ्यात वाईट. तो भडकत नाही, धुमसतो, आणि कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त धूर देतो. आंब्या-काजूच्या बुंध्यापासून थोडं अंतर सोडून आळ्यात पसरा, ओलही टिकते.

मापकाकडेही बघा. खारी हवा आणि धूळ मिळून पंख्याच्या जाळीवर चिकट थर बसतो, हवा कमी ओढली जाते आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून कोरड्या मऊ ब्रशनं जाळी झाडा. तोंडानं फुंकर मारू नका, ओल आत जाते.